विरघळलेलं दिसत नाही

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. द्रावण म्हणजे काय, द्रावक कशाला म्हणायचं, मीठ पाण्यात विरघळतं आणि वाळू का विरघळत नाही, हे नववी-दहावीच्या पोरांना सांगण्यात माझी बरीच वर्षं गेली. पोरं विसरतात, पुन्हा सांगते. त्याचा मला कधी राग आला नाही. राग आला तो मागच्या उन्हाळ्यात, आणि तो पोरांचा नव्हता.

पेपर तपासायचं काम आटोपून मी दुपारी घरी आले. रायपूरचं ऊन त्या दिवसांत कसं असतं ते सांगायला नको. दार उघडलं तर स्वयंपाकघरातून पाण्याचा भसाभसा आवाज. सासूबाई माठ तिरपा करून सगळं पाणी सिंकमध्ये ओतत होत्या.

"आई, हे काय करता?"

"पाणी फेकून राहिली."

"काहून? सकाळीच भरला होता मी."

"विष आहे ते," त्या म्हणाल्या. "मी माह्या डोळ्यानं पाहून आली. इतके वर्ष आपण हे पिऊन राहिलो! तुले तर सगळं समजते म्हणतेस, मग तुले कसं नाही समजलं?"

माझ्या सासूबाई भाबड्या नाहीत. रायपूरच्या जुन्या मराठी वस्तीत, तात्यापाऱ्यात जन्मल्या, तिथेच लग्न होऊन राहिल्या, त्या काळात कॉलेजला जाणाऱ्या थोड्या मुलींपैकी एक होत्या. गुडघे दुखायला लागले म्हणून आमच्याबरोबर शंकर नगरच्या लिफ्टवाल्या फ्लॅटमध्ये आल्या. गोल बाजारातला भांडेवाला त्यांना फसवू शकत नाही. भांडं हातात घेऊन, टिचकी मारून त्या सांगतात की पत्रा किती पातळ आहे. अशा बाईनं भरलेला माठ ओतून द्यावा, तोही मे महिन्यात, हे मला खरंच कळेना.

"कोणी दाखवलं तुम्हाला?"

"समोर. अजून तिथंच आहे तो. जाऊन पाह्य."

मी चपला काढल्याच नव्हत्या, तशीच समोरच्या फ्लॅटमध्ये गेले. हॉलमध्ये आमच्या मजल्यावरच्या सात-आठ बायका बसल्या होत्या. मधल्या टेबलावर काचेचे दोन ग्लास. एकात स्वच्छ पाणी, दुसऱ्यात काळपट, हिरवट, वर फेस आणि तळाशी गाळ. गटाराचं पाणी आणून ठेवावं तसं. टेबलाशी एक तरुण उभा होता, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात एक डबी. डबीला खाली धातूच्या सळया आणि मागे वायर. पाणी शुद्ध करायची मशीन विकायला आला होता. स्वयंपाकघराच्या दारात आमची कामवाली बाई उभी होती. ती ह्या फ्लॅटमध्येही भांडी करते आणि आमच्याकडेही. हात साबणानं भरलेले, नजर त्या काळ्या ग्लासावर.

"आइए मॅडम," समोरच्या भाभीजी म्हणाल्या. "आप तो केमिस्ट्रीवाली हैं, देखिए हम क्या पी रहे थे!"

"पुन्हा दाखवा," मी त्या तरुणाला म्हटलं.

त्यानं आनंदानं दाखवलं. एका ग्लासात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्ही दिसायला अगदी सारखी. मग त्यानं डबीच्या सळया एकाच वेळी दोन्ही ग्लासांत बुडवल्या आणि प्लग लावला. मशीनचं पाणी होतं तसंच राहिलं. नळाचं आधी पिवळसर झालं, मग हिरवं, मग त्यात काळे-तपकिरी ढग उठायला लागले. बायकांनी "बाप रे" केलं. एकीनं तोंडाला पदर लावला.

"जो घुला हुआ था ना, वो सब बाहर आ गया," तो म्हणाला. "घुला हुआ दिखता नहीं है माताजी, हमारी मशीन दिखा देती है."

मला वाटलं, हा मुलगा इतकं धडधडीत खोटं इतक्या गोड आवाजात बोलतोय आणि मी उभी राहून ऐकतेय.

विरघळलेलं दिसत नाही, हे त्याचं वाक्य खरं होतं, त्यामुळे तर जास्त राग आला. साखर विरघळली की दिसत नाही, मीठ दिसत नाही, आपल्या पाण्यातला चुना दिसत नाही. पण त्या ग्लासात जो चिखल उठला होता तो पाण्यातून आलाच नव्हता. तो त्याच्या सळयांतून आला होता. प्रत्येक ग्लासात जाणाऱ्या दोन सळयांपैकी एक लोखंडाची असते. वीज सोडली की लोखंड झिजून पाण्यात उतरतं, आणि पाण्याशी मिळून त्याचं जे तयार होतं ते विरघळत नाही, म्हणून गाळ होऊन तरंगतं. आता वीज पाण्यातून जायला त्यात थोडे तरी क्षार विरघळलेले लागतात. नळाच्या पाण्यात ते असतात, मशीन ते काढून टाकते. म्हणून मशीनच्या पाण्यातून वीज जात नाही, सळई झिजत नाही आणि पाणी स्वच्छ राहतं. सगळी जादू एवढीच.

मी हे शब्दांत सांगत बसले नाही. भाभीजींना म्हटलं, "जरा चिमूटभर मीठ देता?"

त्यांनी स्वयंपाकघरातून मिठाची बरणी आणली. मी त्या तरुणाचा स्वच्छ ग्लास पुढे ओढला आणि त्यात मीठ टाकलं.

"मॅडम, ये मत कीजिए," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज बदलला.

"काहून? तुमच्याच मशीनचं पाणी आहे. मीठ तर आपण सगळे खातो."

चमच्यानं ढवळलं. मीठ दिसेनासं झालं. पाणी पुन्हा पहिल्यासारखं स्वच्छ. मग सळया बुडवल्या आणि प्लग मीच लावला. नळाच्या पाण्याला जेवढा वेळ लागला होता त्याच्यापेक्षा कितीतरी लवकर त्याचा तो शुद्ध ग्लास काळा ठिक्कर पडला. असा फेस आला की काठावरून टेबलावर सांडला.

मी सगळ्यांकडे पाहिलं. वर्गात हा प्रयोग केला असता तर मागच्या बाकावरचा पोट्टाही म्हणाला असता, मॅडम, मग घाण सळईतून येते.

मग भाभीजी बरणीकडे बघत म्हणाल्या, "लेकिन मॅडम, नमक तो आपने डाला ना."

त्या तरुणानं तो शब्द हवेतल्या हवेत झेलला. "वही तो, माताजी! देख लीजिए, आजकल नमक में भी कितनी मिलावट है."

आणि कोणीतरी खरोखर विचारलं, "तो भैया, नमक कौन सा लें?"

मी सांगायला लागले. सळई बाहेर काढून दाखवली, कशी खडबडीत झाली आहे ते. म्हटलं, पाण्यातला चुना बाहेर आला तर पांढरा दिसेल, काळा कसा दिसेल? म्हटलं, नळाचं पाणी एकदम चांगलंच आहे असं मी म्हणत नाही; शंका असेल तर प्रयोगशाळेत तपासायला द्या, उकळून प्या, मशीनही घ्यायची तर घ्या, पण ह्या खेळाला भिऊन घेऊ नका. कावीळ करणारे जंतू ह्या सळयांना दिसतच नाहीत. ज्याला खरं भ्यायचं ते ह्या ग्लासात दिसणार नाही. बायका मान हलवत होत्या, घरातलं मोठं माणूस फार बोलायला लागलं की हलवतात तशी. तरुण त्याची डबी पुसत होता. मी दारापर्यंत पोचायच्या आत मागे बुकिंग सुरू झालं होतं.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू म्हणतेस ते असंन. पण त्यानं डोळ्यासमोर दाखवलं."

"मीही डोळ्यासमोरच दाखवलं, आई!"

"तू मीठ टाकलं."

संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला. त्याला वाटलं दोन बायकांचं भांडण आहे. "अगं, लावून टाकू ना मशीन," तो म्हणाला. "शुद्ध पाणी प्यायला काय हरकत आहे? आईला बरं वाटेल." मुलगी मोबाईलवरून डोकं न काढता म्हणाली, "मम्मी, आप हर बात में केमिस्ट्री मत लाया करो ना."

मशीनला माझी हरकत नव्हती, हे मी त्या रात्री जेवताना कितीदा तरी म्हटलं. हरकत खोट्याला होती. कोणी भ्यायला लावून काही विकतो आणि आपण शिकलेली माणसं म्हणतो की काय बिघडलं, ह्याला होती. पण घरात एकदा सगळ्यांना शांतता हवी झाली की रागावलेलं माणूसच चुकीचं ठरतं. आठवड्याभरात ओट्याच्या वर भिंतीवर मशीन बसली. निळा दिवा लागायचा. एक बारीक नळी सिंकमध्ये सोडली होती, तिच्यातून नको असलेलं पाणी सारखं वाहायचं. सासूबाई आलेल्या-गेलेल्याला हौसेनं त्या मशीनचं पाणी द्यायच्या. मी पण प्यायचे. भांडण कुठवर चालवणार.

खरी गोष्ट पुढे झाली, आणि ती मला फार उशिरा कळली.

शाळेला सुट्या लागल्या होत्या. मी ओट्यापाशी डाळ धूत होते आणि आमची बाई भांडी घासत होती. वयानं ती माझ्यापेक्षा थोडी लहान असेल. सकाळपासून पाच घरं करते, आमचं चौथं. गडबड करणारी नाही, आपण विचारलं तर बोलते. त्या दिवशी तिनं स्वतःहून नळ बंद केला आणि तिच्या छत्तीसगढीत म्हणाली, "दीदी, एक ठन बात पूछंव?"

"हव, विचार ना."

"ये नल के पानी म का मिले हे? ओ दिन मैं देखे रहेंव, करिया हो गे रिहिस." मग जरा थांबून म्हणाली, "मोला कुछु हो जाही का?"

म्हणजे नळाच्या पाण्यात काय मिसळलंय, त्या दिवशी ते काळं झालेलं पाहिलं, मला काही होईल का. मी म्हटलं, "तुला का होईल? घरात सगळे आता मशीनचं पितात, तूही तेच पितेस ना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मग पुन्हा भांड्यांकडे. "माताजी कहिस, मशीन के पानी झन पीबे. बाई मन नल के पीही. सामने वाली घर म घलो अइसनेच हे."

मशीनचं पिऊ नकोस, कामवाल्या बाया नळाचं पितील. समोरच्या घरातही तसंच.

डाळीचं पातेलं माझ्या हातातच राहिलं. मशीन बसल्यानंतरही ही बाई रोज आमच्या घरी येत होती, भर दुपारी घामानं निथळून चौथ्या घरचं काम करत होती. आणि जे पाणी माझ्या सासूबाईंनी विष म्हणून माठभर ओतून दिलं होतं, तेच आमच्याच नळाखाली ओंजळ धरून ती पीत होती. भीत भीत पीत होती, कारण त्या दिवशी दारात उभं राहून तिनंही तो काळा ग्लास पाहिला होता. तिनं कोणाला विचारायचं?

पाणी ठीक होतं, हे मला माहीत होतं. पण सासूबाईंना आणि समोरच्यांना माहीत नव्हतं. त्यांचा तर पक्का विश्वास होता की हे घाणेरडं आहे. तो विश्वास ठेवून त्यांनी ते तिला दिलं. मला त्या विक्रेत्याचा आला होता त्याच्या कितीतरी पट राग तेव्हा आला. तो पोट्टा पोटासाठी खोटं बोलत होता, त्याला आम्ही कोण लागत होतो?

आधी बाईला म्हटलं, "तुला काही होणार नाही. थांब, दाखवते." घरात मुलीच्या जुन्या प्रोजेक्टची बॅटरी आणि वायर होती. दोन खिळे बांधले, नळाच्या पाण्यात सोडले. वेळ लागला, पण एका खिळ्याभोवती तांबूस-हिरवं पाणी व्हायला लागलं. खिळा बाहेर काढून तिच्या बोटाला लावला. बोट माखलं. "हे ह्यातून येतंय. पाण्यातून नाही."

"हव," ती म्हणाली. तिनं बोट धुतलं. मग विचारलं, "माताजी ला बताए हव?"

"सांगितलं. सगळ्यांना सांगितलं."

"अच्छा," ती म्हणाली, आणि भांडी घासायला लागली.

सासूबाई दुपारची झोप घेऊन उठल्या तशी मी समोर जाऊन बसले.

"आई, बाईला मशीनचं पाणी प्यायचं नाही असं तुम्ही सांगितलं?"

"हो. काहून?"

"काहून म्हणजे? तुम्हीच म्हणत होत्या ना, ते विष आहे?"

"अगं, ते फिल्टर लवकर खराब होते म्हणे. किती जणांनी प्यायचं? आणि त्यांले सवय असते. त्यांच्या घरी कोणतं मशीन आहे?"

"सवय म्हणजे काय, आई? विषाची सवय असते का कोणाला?"

"आवाज काहून चढवून राहिली?"

"चढणारच. जे पाणी नातीला द्यायला तुम्ही भिता, ते तिला देताना तुम्हाला काही वाटलं नाही?"

त्यांचा चेहरा लाल झाला. "सारी बिल्डिंग असंच करून राहिली," त्या म्हणाल्या. "मी एकटीनं केलं का?"

"म्हणून तर मी तुम्हाला विचारतेय. बिल्डिंगला मी आई म्हणत नाही."

त्या उठून आतल्या खोलीत गेल्या. रात्री त्या जेवल्या नाहीत. नवरा मला म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाला इतकं बोलायचं असतं का?" मी म्हटलं, "मग कोणाला बोलायचं असतं ते सांगा."

दुसऱ्या दिवशी मी बाईला स्पष्ट सांगितलं की ह्या घरात जे पाणी पाहिजे ते घे, मशीनचं घे, नळाचं घे, फ्रिजमधलं घे. ती "हव" म्हणाली. पण तिनं कुठलंच घेतलं नाही. पिशवीतून स्वतःची प्लास्टिकची बाटली काढली, दोन घोट प्यायली आणि झाकण लावून ठेवून दिली. त्यानंतर रोज तसंच. मी दोनदा आग्रह केला, मग सोडला. आग्रह करायला तोंड कुठे होतं आम्हाला.

हे सासूबाईंनी पाहिलं. आमचं बोलणं कामापुरतंच चाललं होतं, पण त्यांचं लक्ष होतं. असे काही दिवस गेले. मग एका दुपारी, मी हॉलमध्ये कपड्यांच्या घड्या करत होते तेव्हा, त्यांचा आवाज आला. बाईशी त्या त्यांच्या मराठीतच बोलतात.

"काहून गं, रोज बाटली आणतेस? आमच्या घरचं पाणी चालत नाही का तुले?"

त्यांना खरंच लागलं होतं, ते आवाजावरून कळत होतं. आपल्या घरचं पाणी कोणी टाळावं ह्याचा अर्थ काय होतो, हे त्यांच्या पिढीला कोणी समजावून सांगायला लागत नाही. तोच अर्थ उलट्या बाजूनं त्यांच्या मनात कधी आला नव्हता.

बाईनं शांतपणे उत्तर दिलं. "चलथे, माताजी. फेर कोन पानी?"

चालतं, पण कोणतं पाणी. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मला वाटतं ती खरोखरच विचारत होती. दोन पाणी असलेल्या घरात माणसाला विचारावंच लागतं.

मग खुर्ची सरकली, सासूबाईंचे जड पाय फरशीवर वाजले, मशीनचा नळ सुरू झाल्याचा बारीक आवाज आला. मी उठून दारापर्यंत गेले. त्यांनी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या काचेच्या ग्लासात पाणी भरलं होतं आणि ते बाईच्या हातात देत होत्या. "घे," म्हणाल्या. बाईनं हात पदराला पुसले, घेतलं, उभ्यानंच सगळं प्यायली. ग्लास धुऊन उपडा ठेवला आणि पोछ्याची बादली घेऊन बाहेर आली.

संध्याकाळी सासूबाई माझ्याकडे तक्रार केल्यासारख्या म्हणाल्या, "ती मले विचारते, कोणतं पाणी! असं विचारावं का?"

"मग काय करावं तिनं?"

पण त्या दिवसापासून बाई आली की ग्लास भरलेला असतो, आणि तो त्याच भरतात. चूक झाली असं त्या म्हणाल्या नाहीत, म्हणणारही नाहीत. मी तेवढ्यावर थांबले. घरात थांबले, बाहेर नाही.

समोरच्या भाभीजींना मी लिफ्टपाशी गाठलं. म्हटलं, "भाभीजी, तुमच्याकडे बाईला नळाचं पाणी देता म्हणे?"

"हाँ, तो?" त्यांना प्रश्नच कळला नाही.

"तुम्ही त्याला जहर म्हणत होत्या. आम्हाला ग्लास दाखवला होता."

त्या हसल्या. "अरे मॅडम, आपने ही तो समझाया था ना, कि वो पानी ठीक है! फिर क्या दिक्कत?"

मी तिथंच उभी राहिले. त्या दिवशी माझा एक शब्द त्यांच्या डोक्यात शिरला नव्हता असं मला वाटलं होतं. शिरला होता. नीट शिरला होता, आणि बाईपुरता वापरायला त्यांनी तो जपून ठेवला होता.

"ठीक असेल तर तुम्ही प्या," मी म्हटलं. "नाहीतर तिलाही मशीनचं द्या. दोन्हीपैकी एक करा."

"आप भी ना," त्या म्हणाल्या. लिफ्ट आली, त्या आत गेल्या आणि बटण दाबलं.

पुढच्या महिन्यात सोसायटीच्या बैठकीत मी हा विषय काढला. पार्किंग, जनरेटर, लिफ्टची दुरुस्ती, सगळ्यावर तासभर बोलणं झालं. माझ्या विषयावर सेक्रेटरी म्हणाले की हा घरातला मामला आहे, ह्यात सोसायटी काय करणार. कोणी विरोध केला नाही, कोणी साथ दिली नाही. नंतर एक तरुण सून जिन्यात माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली की तिनं तिच्या घरी वेगळं पाणी ठेवणं बंद केलंय. बाकीच्यांचं मला माहीत नाही. बाईला विचारत नाही, कारण तिला आणखी चार घरी काम करायचं आहे आणि माझ्या भांडणाचा भार तिच्या डोक्यावर टाकायचा नाही. भाभीजी आता मला पाहून नुसत्या मान हलवतात. मी लिफ्टमध्ये शिरले की बायकांचं बोलणं थांबतं. थांबू दे. मी जिन्यानं जाणार नाही.